चार बोटांची सावली

भर दुपार, आकाशात ढगाचा ठिपका नाही, बोट नांगरावर स्वस्थ उभी. मागच्या कमानीवरचं १०० वॅटचं पॅनेल धुऊन पुसून लख्ख झालेलं, तरी कंट्रोलरच्या, म्हणजे पॅनेलमधून बॅटरी चार्ज करणाऱ्या डबीच्या, पडद्यावर आकडा तीन ॲम्पिअरच्या आसपास घुटमळतोय. या वेळेला सहा तरी हवेत. वायरी तपासल्या, जोड हलवून पाहिले, फ्यूज पाहिला, सगळं ठीक. मग कुणाचं तरी लक्ष पॅनेलच्या आखूड कडेकडे जातं. तिथे बूमची, म्हणजे शिडाची खालची कड धरणाऱ्या आडव्या काठीची, सावली आडवी पडलेली असते, रुंदीला जेमतेम चार बोटं. दोरी सैल करून बूम हातभर बाजूला ओढला की आकडा चढायला लागतो: चार, पाच, सहा. शिडाच्या बोटीवर सोलर बसवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रसंग येतो आणि मनात एक प्रश्न सोडून जातो. पॅनेलचा अठरावा हिस्सा झाकला गेला, तर वीजही अठरावा हिस्साच जायला हवी होती. निम्मी का गेली?

उत्तर पॅनेलच्या आत आहे. अशा पॅनेलमध्ये ३६ सेल असतात, चारच्या नऊ ओळी, आणि ते सगळे एकामागोमाग एकाच साखळीत जोडलेले. प्रत्येक सेल अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब देतो, म्हणून सगळ्यांचे मिळून कामाचे १८ व्होल्ट होतात. साखळीतून वाहणारा प्रवाह मात्र सगळ्यांना एकच. विहिरीपासून माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तसं हे आहे. रांगेत एक जण मंदावला की शेवटच्या माणसाच्या हातात घागरी तितक्याच मंद गतीने येतात, बाकीचे कितीही तरणेबांड असोत. चार बोटांच्या सावलीने एका ओळीतले चार सेल अर्धे झाकले आणि ३६ जणांची गती अर्धी झाली. यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड बसवलेले असतात. ३६ सेलच्या पॅनेलमध्ये बहुधा दोन, प्रत्येकाकडे १८ सेलांचा गट. गटातला एखादा सेल अगदीच अडला तर डायोड त्या पूर्ण गटाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतो. पण मग हातात उरतात नऊ व्होल्ट, आणि नऊ व्होल्टनी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही. एकच लहान पॅनेल असलेल्या बोटीवर डायोड पॅनेलला तापून जळण्यापासून वाचवतो, वीज वाचवत नाही.

यातूनच पॅनेल कुठल्या अंगाने बसवायचं हे ठरतं, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी ठरवलं जात नाही. गट लांबीच्या दिशेने विभागलेले असतात. मोठ्या पॅनेलवर सावली लांब कडेवर पडली तर एकच गट मरतो, आखूड कडेवर पडली तर सगळे गट एकदम लंगडतात. म्हणून बूम किंवा डोलकाठी ज्या बाजूला आहे तिकडे पॅनेलची लांब कड करावी. हल्लीची मोठी पॅनेलं अर्ध्या कापलेल्या सेलांची असतात. त्यांत वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेला असतो, त्यामुळे खालची आखूड कड झाकली गेली तरी वरचा भाग आपलं काम करत राहतो. बोटीसाठी निवड करायची तर अशीच पॅनेलं घ्यावीत. जागा एका मोठ्या पॅनेलची असली आणि तिथे सावली फिरती असली, तर दोन मध्यम पॅनेलं घेऊन प्रत्येकाला स्वतंत्र कंट्रोलर द्यावा. खर्च आणि वायरी वाढतात, पण एकाच्या सावलीचा भुर्दंड दुसऱ्याला पडत नाही.

सगळ्या सावल्या मात्र सारख्या नसतात.

सूर्य हा बिंदू नाही, आकाशातली अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे कुठल्याही वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या साधारण १०७ पट अंतरापर्यंतच टिकते, त्यापुढे ती विरळ होत जाते. डोलकाठीला ताणून धरणारी ८ मिलीमीटरची तार घ्या. तिची गडद सावली ८५ सेंटीमीटरवर संपते. तीन मीटर खालच्या पॅनेलवर तिची फक्त अंधुक रेघ उमटते, आणि त्या रेघेने फारसं बिघडत नाही. १५ सेंटीमीटर जाडीच्या डोलकाठीची गडद सावली मात्र १६ मीटर जाते, म्हणजे बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बूम, गुंडाळलेलं शीड, रडारची डबी हे खरे शत्रू. पॅनेलच्या अगदी जवळचा, वीतभर उंचीवरचा झेंडाही तसाच. नांगरावरची बोट वारा आणि भरती-ओहोटीबरोबर फिरत राहते, म्हणून घराच्या छतासारखं दक्षिणेकडे तोंड करून कोन साधण्याला इथे अर्थ नाही. पॅनेल आडवं ठेवायचं, आणि नांगर टाकला की बूम एका बाजूला ओढून दोरीने बांधायचा. हा सगळा त्रास शिडाच्या बोटीचा आहे. २०१० साली मोनाकोहून निघून २०१२ साली तिथेच परतलेल्या 'प्लॅनेटसोलर' या बोटीने निव्वळ सूर्याच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. ३१ मीटर लांबीच्या त्या बोटीवर ५३७ चौरस मीटर पॅनेलं पसरली होती आणि त्यांच्यावर सावली टाकणारी डोलकाठी नव्हतीच.

पॅनेल किती हवं, याचा हिशेब छतावरच्या जागेपासून सुरू करायचा मोह होतो. तो फ्रिजपासून सुरू करावा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर चालू असताना चार-पाच ॲम्पिअर घेतो आणि उष्ण हवेत दिवसातला निम्मा वेळ चालतो, म्हणजे ५० ते ६० ॲम्पिअर-तास एकट्या फ्रिजचे. नांगरदिवा एलईडीचा असेल तर रात्रभरात दोन-तीन. पाण्याचा पंप ओढतो जास्त, पण चालतो मिनिटांच्या हिशेबात. दिवे, फोन, लॅपटॉप, रेडिओ धरून नांगरावरच्या मध्यम बोटीचा दिवस १०० ॲम्पिअर-तासांच्या आसपास जातो, म्हणजे सुमारे १,३०० वॅट-तास. प्रवासात ऑटोपायलट आला की आकडा वेगळाच. आडव्या ठेवलेल्या पॅनेलकडून चांगल्या उन्हाच्या प्रदेशात, चांगल्या दिवशी, त्याच्या वॅटच्या चौपट वॅट-तास मिळतात असं धरावं: ४०० वॅटचे १,६००. ढगाळ दिवशी याचा चौथा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. वरचे ३०० वॅट-तास शिल्लक दिसतात, पण सावली, धूळ आणि कालचा ढगाळ दिवस ते खाऊन टाकतात. उरलेली तूट भरायला बॅटरीत दोन दिवसांची बेगमी हवी. लेड-ॲसिडची निम्मीच वापरायची असते, लिथियम आयर्न फॉस्फेटची ८० टक्के वापरता येते. २०० ॲम्पिअर-तासांचं काम लेड-ॲसिडमध्ये ४०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी मागतं आणि लिथियममध्ये २५० ची. बोटीवर वजनाला किंमत असते, त्यामुळे हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

लवचीक पॅनेलांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दिसायला ती सुंदर, १०० वॅटला दोन-अडीच किलो वजन, कॅनव्हासच्या छतावर शिवताही येतात. पण पायाखाली वाकली की सेलमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात, आणि डेकला चिकटवली की खालून हवा मिळत नाही. सिलिकॉनचा सेल २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के शक्ती गमावतो. भर उन्हात सेल ६५ अंशांवर गेला की १४ टक्के तिथेच गेले. चिकटवलेलं पॅनेल याहूनही तापतं, आणि एखाद्या चिरलेल्या सेलपाशी तपकिरी डाग उमटतो. तो डाग पुढे वाढतच जातो. बसवायचीच असतील तर ईटीएफई या टिकाऊ प्लास्टिकचा थर असलेली घ्यावीत आणि खाली पोकळ पन्हळी पत्रा घालून हवेला वाट ठेवावी. बाकी शक्य तिथे काचेचं, ॲल्युमिनियमच्या चौकटीचं पॅनेल, खाली किमान तीन-चार सेंटीमीटर मोकळी हवा ठेवून. ते जड असतं, बोटीच्या रेषा बिघडवतं, हे मान्य. एखाद्या जुन्या देखण्या बोटीच्या पाठीवर स्टीलची कमान आणि दोन काळ्या पाट्या पाहिल्या की मलाही चुकल्यासारखं वाटतं. त्याच कमानीखाली संध्याकाळी इंजिन न लावता फ्रिज चालू असतो, पाण्याचा आवाज ऐकू येतो, डिझेलचा वास नसतो. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

कमान बनवताना वजनापेक्षा वाऱ्याचा विचार करावा. ४०० वॅटचं पॅनेल दोन चौरस मीटरच्या आतबाहेर असतं, वजन वीस-बावीस किलो. सेकंदाला ३० मीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर ५५ किलो वजनाएवढा दाब देतो. म्हणजे ते वीस किलोचं पॅनेल शंभर किलोहून जास्त जोराने ओढलं जातं, आणि ओढ बऱ्याचदा खालून वर असते. म्हणून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस नळीची कमान, आडव्या दिशेलाही आधार, आणि पायांखाली डेकच्या आतल्या बाजूने जाड पट्टी. एरवी नुसता वॉशर एके दिवशी डेकमधून ओढून निघतो. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे, मध्ये खारं पाणी: या तिघांची गाठ पडली की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडायला लागतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा, आट्यांना लॅनोलिनचं किंवा तशाच कामाचं ग्रीस लावावं. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला तर अर्ध्यात जाम होतो आणि मग कापावाच लागतो. हे ग्रीस तिथेही कामाला येतं.

डेकला भोक पाडायची वेळ आली की हात थबकतो.

थबकावाच. फायबरच्या बहुतेक डेकमध्ये वर-खाली पातळ थर आणि मधे बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम असतो. बोल्टच्या बाजूने पाण्याचा थेंब झिरपला तर मधलं लाकूड भिजतं, कुजतं आणि दोन-चार वर्षांनी डेक पायाखाली दबायला लागतो. ६ मिलीमीटरच्या बोल्टसाठी सरळ ६ चं भोक पाडू नये. आधी १२ चं पाडावं, पण खालचा थर शाबूत ठेवावा. मग वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून तो आत फिरवावा, म्हणजे दोन थरांमधलं लाकूड बोटभर कोरून निघतं. भुसा ओढून काढावा. भुसा कोरडा, फिकट आणि हलका आला तर डेक निरोगी. काळपट, ओला, आंबूस वासाचा आला तर काम तिथेच थांबवावं, कारण आता प्रश्न सोलरचा राहिलेला नाही. पोकळीत आधी पातळ इपॉक्सी लावावं, मग पूड मिसळून घट्ट केलेलं भरावं आणि एक दिवस वाळू द्यावं. दुसऱ्या दिवशी त्या इपॉक्सीच्या मधोमध ६ चं भोक आरपार पाडावं. आता बोल्टभोवती सगळीकडे दगडासारखं इपॉक्सी आहे आणि लाकडाला पाणी दिसतच नाही. भोकाचं वरचं तोंड किंचित खोलगट करावं, बोल्टच्या मानेभोवती ब्युटिल टेपचा, म्हणजे पाणी रोखणाऱ्या मऊ चिकट पट्टीचा, शंकू वळावा आणि बोल्ट घालावा. आवळताना वर एकाने बोल्ट स्थिर धरायचा, खाली दुसऱ्याने नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर टेप पिळवटतो आणि नवी वाट तयार होते. एकदम आवळू नये. थोडं आवळून तसंच ठेवावं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं, तिसऱ्या दिवशी शेवटचं. टेप हळूहळू बाहेर डोकावत राहतो, तो कापून टाकायचा. वायर आत नेण्यासाठी शक्यतो उभी भिंत निवडावी. ग्लँडच्या, म्हणजे वायर आत घेणाऱ्या पाणीरोधक तोंडाच्या, बाहेर वायरला खाली लोंबती वेलांटी द्यावी, म्हणजे पाणी वायरीवरून घरंगळून तिथेच टपकतं.

वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तारांचीच हवी. साधं तांबं उघड्या टोकातून ओल शोषतं आणि आवरणाखाली हातभर आतपर्यंत काळं पडतं. बाहेरून वायर नवीकोरी दिसते. जाडी ठरवताना जाऊन-येऊन अंतर धरायचं. ४०० वॅटच्या पॅनेलचा प्रवाह १२-१३ ॲम्पिअर, अंतर एकेरी ८ मीटर, वायर ६ चौरस मिलीमीटरची, तर अर्ध्या व्होल्टहून किंचित जास्त दाब वाटेत पडतो. पॅनेलच्या तीस-पस्तीस व्होल्टपुढे तो क्षुल्लक. कंट्रोलर ते बॅटरी या टप्प्यात मात्र ३० ॲम्पिअर वाहतात आणि तिथला पाव व्होल्टही महाग पडतो. कंट्रोलरला वाटतं बॅटरी १४.४ ला पोचली, प्रत्यक्षात तिथे १४.१ असतात, आणि तो वेळेआधीच हात आखडता घेतो. अशी बॅटरी वर्षभर अर्धपोटी राहते आणि लेड-ॲसिड असेल तर अकाली मरते. म्हणून कंट्रोलर बॅटरीच्या दोन मीटरच्या आत, वायर किमान १० चौरस मिलीमीटरची. पण थेट लेड-ॲसिड बॅटरीच्या डोक्यावर नको, तिच्यातून वायू निघतात. इंजिनच्या खोलीतही नको. उभा लावावा, वर-खाली वीतभर मोकळं सोडावं.

कंट्रोलर एमपीपीटीचा घ्यावा, तो पॅनेलचा जास्तीचा दाब प्रवाहात बदलून बॅटरीला देतो. स्वस्त, साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा १८ व्होल्टचं पॅनेल बॅटरीच्या १३ व्होल्टवर ओढून आणतो आणि पाव हिस्सा वीज तिथेच सोडून देतो. कंट्रोलरची व्होल्ट-मर्यादा पाहताना पॅनेलचा खुला दाब (काही जोडलेलं नसतानाचा) थंड सकाळी सात-आठ टक्के वाढतो हे धरावं. दोन पॅनेलं एकामागोमाग जोडली तर ३७ आणि ३७ असे ७४ होतात, थंडीत ८०. अशा वेळी ७५ व्होल्टचा कंट्रोलर जळतो, १०० चा घ्यावा लागतो. समांतर जोडणी तीन पॅनेलांवर गेली की प्रत्येकाला वेगळा फ्यूज हवा, कारण एक बिघडलं तर बाकीच्या दोघांचा प्रवाह उलटा त्यात घुसतो. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत ४० ॲम्पिअरचा फ्यूज. पॅनेलच्या बाजूला डीसीसाठी बनवलेलाच ब्रेकर, घरातला एसीचा नको. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी ताणली जाते आणि ब्रेकरच पेटवते. एमसी४ जोड (पॅनेलच्या वायरींचे पाणीरोधक प्लग) एकाच कंपनीचे नर-मादी घ्यावेत आणि त्यांच्यासाठी बनवलेल्याच हत्याराने दाबावेत. साध्या पक्कडीने चेपलेला जोड पहिल्या उन्हाळ्यात काळा पडून वितळतो. वायरीच्या टोकाचे धातूचे लग क्रिम्प करावेत, म्हणजे दाबून बसवावेत, वर गोंदवाली उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. बोटीच्या थरथरीत सोल्डरच्या कडेला तार तुटते, म्हणून नुसत्या सोल्डरवर विसंबू नये.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. कंट्रोलर आधी बॅटरीचा दाब पाहून स्वतःला १२ की २४ ते ठरवतो. बॅटरीविना पॅनेल लावलं तर काही कंट्रोलर दगावतात. त्याआधी पॅनेलवर जाड कापड टाकावं, कारण पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. आणि जोडल्यावर मल्टिमीटरने प्लस-मायनस पुन्हा एकदा पाहावं, कितीही खात्री असली तरी.

दोन गोष्टी फक्त बोटीलाच छळतात. पॅनेलच्या प्लस आणि मायनस वायरी होकायंत्राजवळून वेगवेगळ्या नेल्या तर त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने सुई सरकते, तीही फक्त दिवसा, ऊन असेल तसतशी. दोन्ही वायरी एकमेकींत पिळून नेल्या की क्षेत्रं एकमेकांना मारतात. दुसरी गोष्ट रेडिओची. एमपीपीटी कंट्रोलर आत फार वेगाने चालू-बंद होत असतो, आणि त्याची कुरकुर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर ऐकू येऊ शकते. दुपारी शांत चॅनेल लावून ब्रेकर पाडावा. आवाज थांबला तर दोषी सापडला. वायरी पिळणं, त्यांच्यावर कुरकुर अडवणारी फेराइटची कडी घालणं, कंट्रोलर अँटेनाच्या वायरपासून दूर नेणं, या क्रमाने जावं. संकटात हाक मारायचं यंत्र ते आहे, त्यामुळे "थोडी खरखर चालेल" असं इथे म्हणू नये.

काम पूर्ण झाल्यावर पहिला आठवडा रोजचे वॅट-तास लिहून ठेवावेत. बारा वाजता आकडा शून्य दिसला म्हणून घाबरू नये, बॅटरी भरलेली असू शकते. फ्रिज किंवा पंप चालू करून पाहावा. आकडा लगेच चढला तर सगळं ठीक आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटरने दाब वर नेलेला असतो, तेव्हाही कंट्रोलर स्वस्थ बसतो. चढायला हवा तेव्हा चढत नसेल तर आधी सावली, मग मीठ आणि पक्ष्यांची शिट, मग जोड, या क्रमाने शोधावं. पॅनेल गोड्या पाण्याने, सकाळी काच थंड असताना धुवावं. खरखरीत ब्रश नको. दर सहा महिन्यांनी प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहावा.

आणि वादळाचा इशारा मिळाला की पॅनेलं उतरवावीत. कमान कितीही मजबूत असली तरी जोराच्या वाऱ्यात पॅनेल हे पॅनेल राहत नाही, शीड होतं, आणि हे शीड खाली घेता येत नाही. म्हणून बसवतानाच सगळ्या बोल्टांची डोकी एकाच मापाची ठेवावीत आणि त्या मापाचे दोन पाने कमानीजवळच्या खणात दोरीला बांधून ठेवावेत. उतरवायला दोन माणसं लागतात. आधी ब्रेकर पाडायचा, मग एमसी४ सोडायचे, आणि सुट्या राहिलेल्या टोकांवर रबरी टोप्या चढवायच्या. हे जोड फक्त एकमेकांत बसलेले असतानाच पाणी रोखतात. उघडं टोक रात्रभर खाऱ्या तुषारांत राहिलं तर आतली पिन हिरवी पडते, आणि वादळ गेल्यावर पॅनेल शाबूत असूनही आकडा वर चढत नाही.